कुठल्या फायझरचा शेअर घेताय?

ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये बीड जिल्ह्यातल्या कित्येक जणींच्या ठेवी अडकल्या. त्यामुळे आता शेअरची चौकशी सुरू झाली आहे. ‘फायझरचं औषध जगभर खपतं, मग शेअर घ्यायला काय हरकत?’ हरकत नाही. पण मैत्रिणींनो, कुठल्या फायझरचा?

मुंबईच्या बाजारात मिळतो तो फायझर लिमिटेडचा, म्हणजे इथल्या कंपनीचा. न्यूयॉर्कची मूळ कंपनी निराळी; तिचा शेअर हवा तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत राहून पैसे परदेशी पाठवावे लागतात. तिकडच्या नव्या औषधाची बातमी वाचून इकडचा शेअर घेऊ नका.

इथली कंपनी विकते काय, ते आधी बघा. कोरेक्स हे तिचं खोकल्याचं औषध चांगलं खपे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात कोरेक्स सापडलं आणि शेअरचा भाव धाडकन उतरला.

लाभांशाच्या टक्क्यांनाही भुलू नका बरं का! ३०० टक्के लाभांश म्हणजे १० रुपयांच्या दर्शनी किमतीवर ३० रुपये. समजा, शेअर ४,००० रुपयांना घेतलात, तर शंभरामागे पाऊण रुपयाच हाती पडला. वार्षिक अहवाल इंग्रजीत असतो. कॉलेजात जाणाऱ्या लेकीकडून विक्रीची पानं तेवढी वाचून घ्या.