डांबर उखडून पुन्हा खडी: काउंटीच्या रस्त्याचा पैसा येतो कुठून, जातो कुठे

स्थानिक कारभारावर बोलायचं म्हटलं की आपण बहुधा पाणी किंवा शाळा इथून सुरुवात करतो. आज रस्ता घेऊ. आणि तोही आपल्याकडचा नाही, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. मिशिगनच का? तर ज्या राज्यात डेट्रॉइट आहे, मोटारगाडी जिथे घराघरात पोचली, त्याच राज्यात २०१० पर्यंत ८३ पैकी किमान ३८ काउंट्यांनी आपले काही डांबरी रस्ते स्वतःहून उखडले. यंत्रानं डांबर भरडलं, दाबून सपाट केलं आणि खडीचा रस्ता करून टाकला. पूर आला नव्हता, भूकंप झाला नव्हता. हिशेब जमत नव्हता, एवढंच.

तो हिशेब कसा असतो, आणि तो सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं, हे आज बघायचंय.

काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. पण जिल्हा परिषद डोळ्यासमोर आणलीत तर थोडी फसगत होईल. मिशिगनमधले सार्वजनिक रस्ते सुमारे १,२०,००० मैल. त्यातले जवळजवळ ९०,००० मैल काउंट्यांच्या ताब्यात. म्हणजे चारातले तीन मैल. राज्याकडे मोठे महामार्ग, शहरांकडे शहरांतले रस्ते, बाकी सगळं काउंटीच्या गळ्यात. हे असं का झालं, तर १९३१ सालचा मॅकनिट कायदा. त्याआधी गावाकडचे रस्ते टाउनशिपकडे असत. टाउनशिप म्हणजे साधारण सहा मैल गुणिले सहा मैलांचा चौकोन, आपल्या ग्रामपंचायतीसारखा कारभार. महामंदीत शेतकऱ्यांना मालमत्ता कर भरणं अशक्य झालं, तेव्हा टाउनशिपचे रस्ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं काउंटीकडे गेले. शेतकऱ्याचं ओझं हलकं झालं, आणि काउंटीच्या वहीत हजारो मैल आले ते कायमचे.

बहुतेक काउंट्यांमध्ये रस्त्यांसाठी वेगळं मंडळ असतं, त्याला रोड कमिशन म्हणतात. या मंडळांनी सुरुवातीला मोठी कामं केली आहेत. वेन काउंटीनं १९०९ मध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर एक मैल काँक्रीटचा रस्ता केला, तो पाहायला लांबून लोक येत. रस्त्याच्या मधोमध जो पट्टा असतो ना, त्याचं श्रेय याच काउंटीच्या एडवर्ड हाइन्स नावाच्या रोड कमिशनरला देतात, साल १९११. आज तो पट्टा नसलेला हमरस्ता आपल्याला चुकल्यासारखा वाटतो.

आता पैसा. याचे नळ तीन.

पहिला नळ राज्याचा, आणि तोच सगळ्यात मोठा. पेट्रोल-डिझेलवरचा कर आणि गाड्यांच्या नोंदणीचं शुल्क एका निधीत जमा होतं, आणि १९५१ सालच्या ५१ क्रमांकाच्या कायद्यानं त्याचं वाटप होतं. काही रकमा आधी बाजूला काढल्या की उरलेल्यातले ३९.१ टक्के राज्याच्या महामार्गांना, ३९.१ टक्के काउंट्यांना आणि २१.८ टक्के शहरांना आणि खेड्यांना. लक्षात घ्या, चारातले तीन मैल ज्यांच्याकडे, त्यांना पाचातले दोन हिस्से. अर्थात हे अन्यायाचंच आहे असं म्हणता येत नाही. आठ पदरी महामार्गाचा एक मैल आणि शेताकडेचा एक मैल यांचा खर्च सारखा नसतो.

खरी अडचण वाटपात नाही, कराच्या रचनेत आहे. हा कर किमतीवर नव्हता, गॅलनवर होता. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. १९९७ मध्ये पेट्रोलवर गॅलनला १९ सेंट ठरले आणि २०१६ च्या अखेरपर्यंत १९ च राहिले. तेवढ्या काळात अमेरिकेत एकूण महागाई जवळजवळ दीडपट झाली. म्हणजे हातात पडणाऱ्या १९ सेंटांची खरी किंमत तेराच्याही खाली गेली. त्यात गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या. डांबर मात्र कच्च्या तेलातून निघतं, ते तेलाबरोबर महागलं. म्हणजे बघा, तेल महागलं की माणसं गाडी कमी चालवतात, कर कमी जमतो, आणि नेमकं तेव्हाच डांबर महाग झालेलं असतं. असा निधी सांभाळणाऱ्याला दोन्हीकडून मार.

दुसरा नळ केंद्राचा. त्यांचाही कर गॅलनवरच, १८.४ सेंट, आणि तो १९९३ पासून हललेला नाही. १९५६ पासून चालत आलेला त्यांचा महामार्ग निधी २००८ पासून सरकारी तिजोरीतून उसने पैसे घालून चालवला जातोय. ‘उसने’ हा शब्द मी नरमाईनं वापरतोय, परत कोणी मागत नाही. हा पैसा काउंटीला मिळतो तो साधारणपणे ऐंशीला वीस या हिशेबानं. ऐंशी केंद्राचे, वीस स्थानिक. पण अटी आहेत. रस्ता ठरावीक दर्जाचा हवा, गावातल्या लहान रस्त्याला तो चालत नाही. काम चार वर्षांच्या मंजूर कार्यक्रमात आधी नोंदलेलं हवं. पन्नास हजारांहून मोठ्या नागरी वस्तीत हा कार्यक्रम एक प्रादेशिक नियोजन संस्था करते, डेट्रॉइट परिसरात तिचं नाव सेमकॉग. काउंटीतल्या वाहतूक विभागाच्या माणसाचा अर्धा दिवस या याद्यांमध्ये जातो. कुठलं काम कुठल्या वर्षात, पर्यावरणाचा कागद आला का, जागा ताब्यात आली का, आणि आपले वीस टक्के त्या वर्षी तयार आहेत का. वीस नसतील तर ऐंशी दुसरीकडे जातात.

तिसरा नळ गावातला. मालमत्ता करात रस्त्यासाठी जादा भर घालायचा असेल तर मतदारांना विचारावं लागतं. त्याला तिकडे मिलेज म्हणतात. एक मिल म्हणजे दर हजार डॉलर करपात्र मूल्यावर एक डॉलर. शिवाय लहान ‘लोकल’ रस्ता सुधारायचा असेल तर राज्यनिधीतला पैसा साधारण निम्माच घालता येतो, उरलेला निम्मा बहुधा टाउनशिप देते. यातून काय होतं ते उघड आहे. जिथे घरं महाग, तिथे टाउनशिपकडे पैसे. जिथे नुसती शेतं, तिथे रस्ता लांब आणि खिसा लहान.

आता आपण त्या कचेरीत जाऊन बसू. समजा तुमच्याकडे शंभर मैल रस्ता आहे. चाळीस मैल चांगला, चाळीस मध्यम, वीस मैल पार गेलेला. मिशिगनमध्ये हे अंदाजानं ठरवत नाहीत. पासर नावाची एक ते दहा गुणांची पद्धत आहे. गाडीतून हळू जात डोळ्यानं पाहून गुण द्यायचे. आठ आणि वर चांगला, पाच ते सात मध्यम, चार आणि खाली वाईट. २००२ पासून राज्यात यासाठी कायद्यानं नेमलेली परिषदच आहे.

तुमच्या हातात या वर्षी समजा इतकेच पैसे आहेत की दोन मैल मुळापासून नवे बांधता येतील. किंवा तेवढ्याच पैशात पंधरा-वीस मैल मध्यम रस्त्याच्या भेगा बुजवून वर बारीक खडी-डांबराचा थर देता येईल. काय कराल?

फोन येतात ते त्या वीस मैलांवरून. रुग्णवाहिकेचा चालक तक्रार करतो, शाळेच्या बसचा चालक करतो, आणि त्यांचं खरंच असतं. मध्यम रस्त्यावरून कोणी फोन करत नाही, कारण तो अजून ठीक आहे. पण रस्त्याचा स्वभाव असा की तो सरळ उतारानं खराब होत नाही. बरीच वर्षं हळूहळू, आणि मग एकदम. भेगेतून पाणी आत गेलं, खालचा पाया भिजला, की दोन हिवाळ्यांत सातचा रस्ता तीनवर येतो. तुम्ही दोन मैल नवे बांधलेत, वाहवा मिळाली, आणि त्याच वर्षी सहा मैल मध्यम रस्ते वाईटात गेले, तर वर्षअखेर तुमच्याकडे वाईट रस्ता वीस नाही, चोवीस मैल असेल. ‘सगळ्यात वाईट आधी’ हे धोरण न्यायाचं वाटतं, आणि त्यात काउंटी बुडते. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात अवघड काम हेच: सभेत उभं राहून लोकांना सांगायचं, तुमचा रस्ता फार वाईट आहे, म्हणूनच या वर्षी मी त्याला हात लावणार नाही.

त्यात मिशिगनचा हिवाळा. पाण्याचा बर्फ होतो, फुगतो, वितळतो. मार्च ते मे जमीन वरून वितळलेली आणि खाली गोठलेली असते, पाणी खाली जात नाही. तेव्हा कच्च्या पायाच्या रस्त्यांवर वजनाची मर्यादा आणखी कमी करतात, डांबरीवर ३५ टक्क्यांनी, काँक्रीटवर २५ टक्क्यांनी. लोक याला फ्रॉस्ट लॉ म्हणतात. आणि हे त्या राज्यात, जिथे अकरा आसांच्या ट्रकला १,६४,००० पौंड म्हणजे सुमारे ७४ टन चालतं. केंद्राची नेहमीची मर्यादा ८०,००० पौंडांची आहे. ट्रकवाले म्हणतात, आस जास्त असल्यानं भार वाटला जातो. म्हणण्यात तथ्य आहे. १९५८ ते ६० या काळात इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मोठे प्रयोग झाले, त्यांतून दिसलं की रस्त्याचं नुकसान आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. आसावरचा भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. पण पूल आस मोजत बसत नाही, त्याला एकूण वजन पेलावं लागतं.

आता सुरुवातीची खडी. माँटकाम ही मध्य मिशिगनमधली शेतीची काउंटी. तिथला २००९ च्या सुमाराचा अंदाज असा, की एक मैल पुन्हा डांबरी करायला एक लाख डॉलरच्या वर, आणि तोच मैल भरडून खडीचा करायला सुमारे दहा हजार. खड्ड्यांनी भरलेल्या डांबरावर काही करता येत नाही, दर पावसानंतर पुन्हा डांबर ओतत बसायचं. खडीवर ग्रेडर फिरवला की तो निदान सपाट होतो. म्हणून ते उखडणं वेडेपणाचं नव्हतं, त्या पैशात तेच शहाणपणाचं होतं. किंमत दिली ती रस्त्याकडेला राहणाऱ्यांनी. धूळ, गाडीच्या काचेवर उडणारे दगड, घराची उतरलेली किंमत.

राजकारण्यांना हे कळत नव्हतं असं नाही. मे २०१५ मध्ये विक्रीकर सहावरून सात टक्के करण्याचा प्रस्ताव लोकांपुढे गेला, सुमारे ऐंशी टक्के मतदारांनी तो फेटाळला. त्यात इतक्या गोष्टी गुंडाळल्या होत्या की रस्ता शोधावा लागत होता. मग विधिमंडळानं स्वतःच कायदा केला आणि जानेवारी २०१७ पासून कर २६.३ सेंट झाला. महागाईशी जोडला गेला तो २०२२ पासून. २०१८ मध्ये ग्रेचेन व्हिटमर रस्त्यांच्या मुद्द्यावरच गव्हर्नर झाल्या, त्यांची ४५ सेंटांची वाढ विधिमंडळानं मानली नाही, तेव्हा २०२० मध्ये साडेतीन अब्ज डॉलरचे रोखे काढले. पण ते राज्याच्या महामार्गांपुरते. काउंटीच्या खड्ड्यात त्यातला सेंट पडला नाही.

आणि सगळ्यात विचित्र गोष्ट पंपावर होती. गाडीवाला पेट्रोलवर सहा टक्के विक्रीकरही भरत होता आणि समजत होता की हे रस्त्याला जातंय. तो जात होता मुख्यतः शाळांकडे आणि गावांच्या सर्वसाधारण खर्चाकडे, राज्यघटनेनंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये कायदा बदलला. १ जानेवारी २०२६ पासून इंधनावरचा विक्रीकर गेला, त्याच्या जागी रस्त्याचा कर गॅलनला ५० सेंटांच्या वर गेला, आणि शाळांची तूट राज्याच्या तिजोरीतून भरायचं ठरलं.

पेट्रोलच्या करातून रस्ता ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. ओरेगन राज्यानं तो कर १९१९ मध्ये पहिल्यांदा लावला, आणि दहा वर्षांत तो हिंदुस्थानात आला. १९२७ ची रस्ते समिती मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली होती, हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. समितीच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला, पेट्रोलवर गॅलनला दोन आणे. आज आपल्याकडे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. तिथल्या बांधकाम विभागात ‘तीस चोपन्न’ आणि ‘पन्नास चोपन्न’ हे शब्द तुम्ही ऐकले असतील. ३०५४ हे महसुली लेखाशीर्ष, ५०५४ भांडवली. कोनशिला कुठल्या कामाची बसते ते तुम्हीच पाहा.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: “काउंटी स्वतःच पेट्रोलवर कर का लावत नाही?” मिशिगनमध्ये कायदा तशी मुभा देत नाही. फ्लोरिडात काउंटीला ती आहे. दुसरा प्रश्न: “माझी मुलगी नोवायला राहते. तिच्या घरासमोरच्या खड्ड्याची तक्रार कुठे करायची?” नोवाय शहर आहे, ओकलंड काउंटीत. वसाहतीतला रस्ता असेल तर शहराकडे, मोठा मैल रोड असेल तर बहुधा काउंटीच्या रोड कमिशनकडे, क्रमांकाचा महामार्ग असेल तर राज्याकडे. तक्रार मात्र लेखी करायला सांगा. खड्डा कळवल्याची तारीख कागदावर असली, तर पुढे गाडीचं नुकसान झाल्यावर भरपाई मागताना ती लागते.