सव्वा महिन्याची मुदत

बाळ जन्माला आले की तासाभरातच त्याच्या चेहऱ्याची वाटणी होते. नाक आईचे, हनुवटी आजोबांची, कपाळ थेट आत्याचे. कानांची पाळी बहुधा शेवटी येते, कारण ते दुपट्यात झाकलेले असतात. मग कोणीतरी आवाज खाली आणून म्हणते, ‘‘कान जरा पुढे आहेत, नाही?’’

नोकरीनिमित्त बंगळूरला स्थायिक झालेल्या मराठी घरांत या प्रश्नाला थोडा वेगळा रंग चढतो. बाळंतपणासाठी पुण्याहून किंवा कोल्हापूरहून आजी आलेली असते आणि बाळाला न्हाऊ घालणारी बाई कन्नड बोलणारी असते. दोघींना एकमेकींची भाषा पुरती कळत नाही. परंतु बाळंतिणीला कन्नडमध्येही ‘बाणंति’ म्हणतात, तेव्हा मुख्य कामाचे काही अडत नाही. कानांवर दोघींचा उपाय एकच असतो. तेलाचे बोट फिरवायचे आणि टोपडे घट्ट बांधायचे. बंगळूरच्या गार हवेत टोपड्याला कोणी हरकतही घेत नाही.

या जुन्या समजुतीत तथ्याचा अंश आहे. नवजात बालकाचा कान खरोखरच वळण घेण्याजोगा असतो. कानाचा आकार ज्या कूर्चेने बनतो ती जन्मानंतरचे काही आठवडे विलक्षण मऊ असते, आणि याचे कारण आईकडून बाळाच्या रक्तात आलेले इस्ट्रोजेन हे संप्रेरक असल्याचे मानले जाते. त्याचे प्रमाण जन्मानंतर झपाट्याने उतरते आणि सुमारे सहा आठवड्यांत इतर बालकांइतके होते. त्याबरोबर कूर्चा हळूहळू ताठ होऊ लागते. या मऊपणाचा पद्धतशीर उपयोग करून घेण्याचे श्रेय मुख्यतः जपानी शल्यविशारदांकडे जाते. कियोशी मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली नवजात बालकांच्या कानांवरील बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली.

पद्धत दिसायला अगदी साधी आहे. कानाच्या बाहेरच्या कडेच्या आत तिला जवळजवळ समांतर अशी दुसरी एक घडी असते. ही घडी नीट पडली नसेल तर कान डोक्यापासून दूर, समोर झुकलेला दिसतो. मऊ तारेवर सिलिकॉनची नळी चढवून केलेला छोटा साचा दोन्हींमधल्या खोबणीत बसवतात आणि चिकटपट्ट्यांनी कान मागे धरून ठेवतात. आता तयार साचेही मिळतात. पहिल्या दोन आठवड्यांत आरंभ केला तर बहुधा काही आठवड्यांत काम होते. उशीर झाला तर कालावधी लांबतो आणि यशाची खात्री घटते. शिवाय तीन-चार महिन्यांचे मूल स्वतःच पट्टी ओढून काढते! घडी अस्पष्ट असेल तर गुण चांगला येतो. कानाची मधली वाटीच खोल असेल तर साच्याचा भरवसा तितका देता येत नाही. कानाचा काही भागच घडलेला नसेल तर ते प्रकरण निराळे. तेथे श्रवणतपासणीपासून सुरुवात करावी लागते.

खरी अडचण दिनदर्शिकेची आहे. आपल्याकडे बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. रुग्णालयातून तीन-चार दिवसांत घरी सोडतात आणि जन्माच्या वेळच्या लसी टोचून झाल्या की वेळापत्रकातील पुढची लस सहाव्या आठवड्याला असते. म्हणजे उंबरठा ओलांडून डॉक्टरांसमोर बसण्याचा ठरलेला दिवस उजाडतो तेव्हा कान वळवण्याची उत्तम मुदत सरत आलेली असते. मुदत ठेवीचे नूतनीकरण करता येते, तशी सोय येथे नाही. तेव्हा रुग्णालय सोडण्यापूर्वी, किंवा वजन आणि कावीळ पाहण्यासाठी पहिल्या आठवड्यात बोलावतात त्या दिवशी, कानांचा विषय काढलेला बरा.

विषय निघाला की घरात दोन पक्ष पडतात. ‘हे आमच्या घराण्याचे कान आहेत, आजोबांचे काय अडले?’ असे एक पक्ष म्हणतो, आणि पुढे आलेले कान पुष्कळदा आनुवंशिक असतात हे खरेच आहे. बसवनगुडीच्या दोड्ड गणपतीसमोर रोज हात जोडणाऱ्या आजीला तर शूर्पकर्ण हे देवाचेच नाव असल्याचे सांगावे लागत नाही. दुसऱ्या पक्षात बहुधा तो बाप असतो, ज्याला शाळेत मागच्या बाकावरून कानांवरून चिडवले गेले आणि ज्याने कॉलेजची सारी वर्षे केस लांब ठेवले. त्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असतो, पण तो स्वतःच्या कानांविषयी बोलत असतो, बाळाच्या नव्हे.

दोन्ही पक्षांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कान पुढे असल्याने ऐकू येण्यात उणेपणा येत नाही. उपचार केवळ रूपासाठी असतो. न करण्याचा निर्णयही तितकाच योग्य ठरू शकतो, कारण शस्त्रक्रियेचा मार्ग पुढे खुला राहतो. ती साधारणपणे पाच-सहा वर्षांच्या वयानंतर करतात. तेव्हा कानाची बरीचशी वाढ झालेली असते आणि मूल आपल्याला काय वाटते ते स्वतः सांगू शकते. हा शेवटचा लाभ लहान नाही. मात्र लहान वयात त्यासाठी सहसा पूर्ण भूल द्यावी लागते, नंतर काही आठवडे डोक्याला पट्टा बांधावा लागतो, आणि निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविम्यात सहसा बसत नाही. पॉलिसीतील अपवादांचे पान विमा घेतानाच वाचावे. कितीतरी ग्राहक ते दावा नाकारला गेल्यावर वाचतात.

साच्यालाही जपावे लागते. बाळाची त्वचा नाजूक असते. लालसरपणा, ओल किंवा फोड दिसला तर साचा काढून डॉक्टरांना दाखवावे लागते. घरच्या घरी चिकटपट्टी लावण्याचा मोह मात्र टाळावा. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण येथे अगदी चपखल बसते. टोपड्याचा दाब सगळीकडे सारखाच पडतो, त्याने हवी ती घडी पडत नाही. घाईत बांधले तर कान उलटा दुमडूनही राहतो. टोपडे उबेसाठी ठेवावे.

सोनाराचा विषय निघालाच आहे, तर एक शंका आजी हमखास काढते: बाराव्या दिवशी कान टोचायचे, त्याचे काय? कानावर साचा असताना टोचणे पुढे ढकलणेच इष्ट. आजीची समजूत घालायला सुश्रुताचा आधार पुरेसा आहे. सुश्रुतसंहितेत कान टोचण्यासाठी सहावा किंवा सातवा महिना सांगितला आहे, आणि त्यासाठी रक्षण व भूषण असे दोन हेतू दिले आहेत. सहाव्या महिन्यापर्यंत साचा निघालेला असतो. बारशाला डूल कानात घालण्याऐवजी डबीत ठेवून पाळण्याशेजारी मांडले, तर आजीची तक्रार राहत नाही.