आडवा भोवरा : पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात पोहणे विहिरीत शिकतात. पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून सोडले की चार-आठ दिवसांत पोर हातपाय मारू लागते. पुढे ते काठावरून सूर मारते, तळाची माती मुठीत घेऊन वर येते आणि पट्टीचे पोहणारे म्हणून गावात नाव काढते. विहिरीचे पाणी मात्र उभे असते. भीमेवरच्या किंवा सीनेवरच्या ओसंडणाऱ्या बंधाऱ्याखाली वेगळेच पाणी असते, आणि तिथे पोहता न येणाऱ्यापेक्षा चांगला पोहणारा अधिक सहज उतरतो. त्याला नेमके काय शिकवायला हवे, याचा शोध मी या लेखात घेतला आहे.

आपल्याकडचे बरेच बंधारे कोल्हापूर पद्धतीचे आहेत. नदीच्या पात्रात दगडी खांब, दोन खांबांमध्ये गाळे आणि गाळ्यांत बर्गे. पावसाळ्यात बर्गे काढतात, पावसाळा सरताना पुन्हा घालतात. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. सोलापूर शहरासाठी त्यातून सोडलेले पाणी भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत येते. त्यामुळे भर उन्हाळ्यात, आभाळात ढग नसतानाही, वाटेतले बंधारे भरून वाहू लागतात. काल कोरडी असलेली जागा आज भिजते, आणि पोरांना तिथे डुंबायचा मोह होतो.

बंधाऱ्यावरून पडणारे पाणी थेट तळाशी जाते. तळावरून ते काही अंतर पुढे सरकते आणि उकळी फुटावी तसे वर येते. वर आलेल्या पाण्याचे दोन भाग होतात. एक प्रवाहाबरोबर पुढे जातो, दुसरा पृष्ठभागावरून उलटा बंधाऱ्याकडे येतो आणि पुन्हा खाली खेचला जातो. नेहमीचा भोवरा उभा फिरतो. हा आडवा फिरतो, लाटण्यासारखा. दीड मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग पायथ्याशी सेकंदाला पाच मीटरच्या पुढे जातो. शंभर मीटरचा विश्वविक्रमी जलतरणपटूही सेकंदाला सरासरी दोन मीटरच्या आसपासच पोहतो. ताकदीचा प्रश्न इथेच निकालात निघतो.

दुसरा घात फेसाचा. फुप्फुसे भरलेली असताना माणूस पाण्यापेक्षा अगदी थोडा हलका असतो, म्हणून तरंगतो. पाण्यात दहा टक्के हवा मिसळली की पाणीच तेवढे हलके होते आणि तोच माणूस बुडू लागतो. हात मारावा तर पकडीत पाण्याऐवजी फेस येतो. अमेरिकेत अशा ठेंगण्या बंधाऱ्यांना बुडवणारे यंत्रच म्हणतात.

गुंडाळणाऱ्या पाण्यात मुद्दाम शिरणारे लोकही जगात आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंगच्या स्पर्धा ताहिती बेटावरच्या तेआहुपो येथे झाल्या. तिथली लाट उथळ प्रवाळखडकावर आदळून पुढे वळते आणि आत पोकळ नळी तयार होते. फळीवर उभा असलेला सर्फर त्या नळीतून आरपार निघतो. साध्या लाटांवर कितीही वर्षे काढली असली, तरी या लाटेसाठी वेगळी तयारी करावी लागते. तिचा मोठा भाग लाटेवर स्वार होण्यापेक्षा पडण्याचा असतो.

आधी बराच वेळ लाटा नुसत्या पाहायच्या : कुठे वळतात, कुठे फुटतात, सुटकेची वाट कोणती. ओहोटीला खडक उघडा पडतो किंवा उथळ दिसतो, तेव्हा तो लक्षात ठेवायचा. पडताना डोके पुढे करून सूर मारायचा नाही. अंग शक्य तितके पसरट टाकायचे आणि दोन्ही हातांनी डोके झाकायचे. पाण्याने गुंडाळले की झगडायचे नाही, कारण धडपडीत प्राणवायू लवकर संपतो. श्वास रोखण्याचा सराव करायचा, पण पाण्यात एकट्याने कधीच नाही. शुद्ध हरपली तर ओढून काढायला कुणी नसते. आणि आज लाट आपली नाही असे वाटले तर परत फिरायचे.

यातले किती आपल्या बंधाऱ्याला लागू पडते? एक फरक मोठा आहे. समुद्राची लाट काही सेकंदांत पुढे निघून जाते; बंधाऱ्याखालचा आडवा भोवरा जागचा हलत नाही. म्हणून इथे पहिला धडा न उतरण्याचा. काठावरून पाहावे : बाटल्या, नारळ, निर्माल्य, ओंडके एकाच जागी गिरक्या घेत असतील, तर माणूसही तिथेच फिरणार. त्यातूनही कुणी सापडलाच, तर पृष्ठभागावरून पुढे पोहण्याची धडपड व्यर्थ असते, कारण वरचे पाणी उलटे वाहते. हनुवटी छातीशी, हात डोक्याभोवती घेऊन खाली जाणाऱ्या धारेबरोबर जावे, तळाच्या प्रवाहाने उकळीच्या पलीकडे नेले की मग वर यावे. हा शेवटचा उपाय आहे, हमी नव्हे. तळाशी दगड, गज, अडकलेल्या फांद्या असतात.

दुसरा धडा वाचवणाऱ्यांचा. १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन येथे सस्क्वेहाना नदीवरच्या अशाच बंधाऱ्याखाली बचावाला गेलेले अग्निशमन दलाचे जवानच बुडाले. उकळीच्या आत गेलेली नावही मागे खेचली जाते. म्हणून उडी मारू नये. काठावरून दोर, दोराला बांधलेली ट्रॅक्टरची ट्यूब फेकावी.

पंढरपुरातले होडी चालवणारे कोळी बांधव, आषाढीला चंद्रभागेवर उभे राहणारे जीवरक्षक, गावात कुणी बुडाले की पहिली हाक ज्यांना जाते ते तरुण, हे सारे पाण्यातले अनुभवी लोक. तयारी त्यांचीच हवी, आणि ती कोरड्या दिवसांत स्वस्तात होते. पाणी सुटण्याआधी बंधाऱ्याखाली चालत जावे, दगड आणि गज कुठे आहेत ते पाहावे. पाणी ओसंडू लागले की उकळी कुठे फुटते ते काठावर रंगाने खुणावून ठेवावे. त्या रेषेच्या अलीकडे कुणी उतरायचे नाही, नावही न्यायची नाही, आणि दोर-ट्यूब तिथेच खांबाला टांगलेली असावी.