ऑनलाइन दाखला : घड्याळ नेमकं कधी सुरू होतं?
‘आपले सरकार’ पोर्टलवर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केलाय? २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. पण ती मोजली जाते परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. रेशनकार्डाची प्रत अस्पष्ट म्हणून अर्ज परत आला, तुम्ही रोजंदारी बुडवून पुन्हा सेतू केंद्रात गेलात, तरी आधीचे दिवस हिशेबात नाहीत. कागदावर सेवा वेळेत! म्हणूनच ‘इतके अर्ज निकाली’ या आकड्यावरून फारसं कळत नाही. पहिल्याच खेपेत किती जणांना दाखला मिळाला, हा आकडा मागायला हवा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. सबळ कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अर्जाची पोचपावती मात्र जपून ठेवा.