गुरुजींसारखं व्हायचंय? मग बी.एड.ची फी आधी समजून घ्या

आपल्या नांदेड-लातूरच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे हे नेते आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातले नरहर कुरुंदकर तर आजही सगळ्यांचे 'गुरुजी'च! अशा मास्तरांकडे पाहून शिक्षक व्हावंसं वाटणारी मुलं आजही गावोगाव आहेत. केवळ फीपायी त्यांनी मागे फिरू नये.

🔹 बी.एड. दोन वर्षांचं. प्रवेश राज्याच्या सीईटी आणि कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून). कॅप चुकवू नका, बऱ्याच सवलती त्यावरच मिळतात.

🔹 मुलींनो, ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत. उत्पन्नमर्यादा ८ लाख. कॉलेज योजनेत आहे का, हे प्रवेशाआधीच विचारा.

🔹 अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. वसतिगृह मिळालं नाही, तर 'स्वाधार' योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

🔹 शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, कॅपचं अलॉटमेंट लेटर तयार ठेवा. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून बँकेत जाऊन आधार सीडिंग तपासा. अर्ज भरला की कॉलेजच्या क्लार्कला भेटा. त्यांनी तो पुढे पाठवला नाही, तर तिथंच अडकतो.

तुमच्या गावात शिक्षक होऊ पाहणारं कुणी असेल, तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा. 🙏