एका घरातील निरनिराळी यंत्रे

थोरल्याचा नवा मॅकबुक, धाकटीचा विंडोजवर चालणारा संगणक आणि वडिलांचा पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप अशी त्रिविध यंत्रे ज्या घरी नांदतात, तेथे वायफाय बसविताच पहिली तक्रार जुन्या यंत्राची येते. ‘त्याला आपले जाळे दिसतच नाही, मोडीत काढा!’ वाचकहो, हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो.

यंत्राची प्रणाली कोणतीही असो, हवेतील भाषा एकच आहे, ८०२.११ या मानकाने ती १९९७ साली ठरवून दिली. भेद पडतो तो लहरींच्या पट्ट्यांत. पुष्कळ जुनी यंत्रे केवळ २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जाणतात. राउटर ५ गिगाहर्ट्झवरच लावला असेल, तर त्यांच्यापुरते घरात जाळेच नाही. म्हणून दोन्ही पट्टे चालू ठेवावेत. २.४ चा वेग कमी खरा, परंतु जाड भिंतीपलीकडे तोच अधिक पोहोचतो.

दुसरा अडसर कुलपाचा. २०१८ साली आलेले डब्ल्यूपीए-३ जुन्या यंत्रांना सहसा उमगत नाही, आणि मग साऱ्या घराचेच कुलूप सैल करण्याचा मोह होतो. डब्ल्यूईपी या जुनाट कुलपाचा फोलपणा तर २००१ सालीच उघड झाला. त्याकडे मुळीच वळू नये. डब्ल्यूपीए-२ व ३ यांचा मिश्र पर्याय बहुतेक नव्या राउटरांत असतो, तो निवडावा. तेवढ्यानेही न जमल्यास सरळ तार जोडावी. तारेची लाज कसली?

वडिलांच्या लॅपटॉपवर विंडोज ७ असेल, तर जानेवारी २०२० पासून त्याचा सर्वसाधारण सुरक्षा-पुरवठा बंद आहे. त्याला पाहुण्यांसाठीच्या निराळ्या जाळ्यावर ठेवावे. तेथून घरातील प्रिंटर बहुधा दिसणार नाही, हे मात्र वडिलांना आधीच सांगून ठेवावे.