डुलकी लागली तरी हिशेब जुळतो

डिसेंबरच्या 13-14 तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. त्यावर तलासरीहून एक प्रश्न आला आहे: मी नि मित्र गच्चीवर शेजारी आडवे पडून आकाश बघत होतो. मला 20 उल्का दिसल्या, त्याला 15. बातमीत तर तासाला सव्वाशे म्हटलं होतं. डुलकी कुणाला लागली?

बातमीतला आकडा आदर्श आकाशाचा: उल्कांचा उगमबिंदू थेट माथ्यावर आणि काळोख मिट्ट. डहाणू-तलासरीत रात्री दोनच्या सुमारास मिथुन जवळपास माथ्यावर येते खरी, पण उत्तरेकडे वापीच्या कारखान्यांचा उजेड असतो. सव्वाशे विसरा.

राहिली डुलकी. उल्का हुकायला ती लागावीच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्यांची नजर का ढळते, हे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थने तपासलं. त्याच्या चाचणीत तबकडीवर काटा टकटक सरकायचा, क्वचित दुप्पट उडी घ्यायचा, ती टिपायची. माणसं टक्क जागी असत, तरी अर्ध्या तासानंतर जास्त उड्या निसटू लागत.

मग निसटलेल्या उल्का मोजायच्या कशा? एर्न्स्ट एपिक या एस्टोनियन खगोलज्ञाने 1920च्या दशकात दोन निरीक्षकांना एकाच आकाशाकडे बघायला लावलं. समजा, घोलवडच्या चिकूंच्या एकाच ढिगातून तुम्ही 20 डागी फळं हेरलीत, मित्राने 15, आणि त्यांतली 10 दोघांनीही. म्हणजे तुमच्या 20पैकी निम्मी त्याला दिसली. त्याची नजर निम्मीच फळं टिपत असेल, तर त्याची 15 हीही एकूण फळांच्या निम्मी; एकूण डागी फळं 30. दोघांनी मिळून 25 पाहिली, 5 दोघांनाही चुकली. न पाहिलेल्याची मोजदाद!

मेख एकच. ठळक उल्का दोघांनाही दिसतात, अंधूक दोघांच्याही हुकतात, म्हणून प्रत्येक तेजाचा हिशेब वेगळा करावा लागतो.

तेव्हा डुलकी कुणाला लागली हा वाद सोडा. सामाईक उल्का किती, ते सांगा. त्यासाठी दोन वह्या हव्यात, प्रत्येक उल्केची वेळ आणि तेज लिहायला. आणि "ती बघ!" असं ओरडायचं नाही. ओरडलात, की चार डोळ्यांचे दोनच उरतात.